हळदीनं शुगर जाते म्हणे

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला, तुमच्याकडंपण आलाच असणार. हळद, दारुहळद आणि गुळवेलीचा काढा अनशापोटी घ्या, 40 दिवसांत शुगर मुळासकट जाते, गोळ्या बंद, उंदरांवर सिद्ध झालंय, मेटफॉर्मिननं, म्हणजे शुगरच्या नेहमीच्या गोळीनं, किडनी जाते आणि औषध कंपन्या झाडपाल्याची टेस्टच होऊ देत नाहीत. खाली कुणीतरी "सांगलीची हळद जगात भारी" असं जोडलंय, त्यामुळं आमच्या लोकांचा ऊर लगेच भरून आला, मामांनी तर त्यावर हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचा, फोटो टाकला. मामा, राग मानू नका, पण एकेक बघूया.

आधी कंपन्यांचं, कारण तेच सगळ्यात उलटं आहे. ज्या मेटफॉर्मिनला शिव्या घालताय तिचं मूळच झाडपाल्यात आहे ओ. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं झुडूप आहे, तिकडं जुनी लोकं ते औषधाला वापरायची. त्यातल्या गॅलेजिन नावाच्या रसायनानं रक्तातली साखर उतरते हे कळलं, पण ते विषारी निघालं, तो पाला खाऊन मेंढ्या मरतात. मग त्याच घराण्यातलं कमी त्रासाचं रसायन शोधत शोधत गोष्ट मेटफॉर्मिनपर्यंत आली, ते 1922 ला लॅबमधे बनलं, 1957 ला पॅरिसच्या ज्यां स्टर्न या डॉक्टरांनी पेशंटना देऊन रिझल्ट छापले, आणि 1998 ला ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या पेशंटमधे हार्ट अटॅकपण कमी झालेले दिसले. आता सगळे डॉक्टर लिहून देतात ती शुगरची दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन बघा, तिचा पूर्वज फ्लोरिझिन, सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं, 1835 चं. म्हणजे कंपन्या झाडपाल्याच्या मागं हात धुवून लागलेल्या असतात, दाबून कशाला ठेवतील?

उंदरांचं सांगतो. बहुतेक वेळा उंदराला इंजेक्शन देऊन त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच मारतात आणि मग अर्क पाजतात. मामांचा डायबेटिस तसा नाही, त्यांच्यात इन्शुलिन आहे पण शरीर त्याला दाद देत नाही. आणि माणसावर आलं की बऱ्याच वनस्पती गळतात, ब्राझीलमधे जांभळाच्या पानांचा चहा पेशंटना देऊन बघितला, शुगरवर काही फरक पडला नाही.

आता हळद. हिशोब करा, चमचाभर म्हणजे साधारण 3 ग्रॅम, त्यात करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य रसायन, 3 ते 5 टक्के, म्हणजे फार तर दीडशे मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात जवळपास काही पोचत नाही. 2017 ला काही केमिस्ट लोकांनी करक्युमिनच्या 120 च्या वर ट्रायल चाळल्या, त्यात कुणाला खरं औषध आणि कुणाला खोटं हे पेशंटलाही माहीत नाही नि डॉक्टरलाही नाही, अशा नीट केलेल्या ट्रायलमधे पास झालेली एकपण सापडली नाही. आमटीत घाला की, आम्हीपण घालतो.

दारुहळदीबद्दल मात्र मी मेसेजच्या बाजूनं थोडा झुकतो. नावात हळद असली तरी आपल्या हळकुंडाशी तिचा संबंध नाही, ते काटेरी झुडूप आहे. त्यातल्या बर्बेरिन या रसायनाची चीनमधे 36 पेशंटवर मेटफॉर्मिनशी तुलना झाली, 3 महिने, आणि शुगर जवळपास सारखीच उतरली. भारी आहे! पण 36 च माणसं, आणि दिवसाला दीड ग्रॅम शुद्ध बर्बेरिन मोजून दिलेलं. तुमच्या काढ्यात किती उतरतं ते कोण मोजतंय?

"नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे गुळवेलीला तरी लावू नका. 2020 ला मुंबईत गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं डॉक्टरांनी 2021 ला छापलं. आयुष मंत्रालय म्हणालं ती गुळवेल नसेल, तशीच दिसणारी दुसरी वेल असेल. बरं, मग तुम्ही कुंपणावरनं तोडून आणलेली कुठली?

किडनी. मेटफॉर्मिन किडनीतनं बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच खराब असली तर डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर बंद करतात, लोकांनी तेच उलटं पकडलं. किडनी खाते ती वाढलेली शुगर. पोट बिघडणं, बी 12 कमी होणं हे गोळीचे त्रास खरे आहेत, ते लपवायचं कारण नाही.

राहिले ते 40 दिवस. शेजारच्या काकांची शुगर काढ्यानं उतरली म्हणे, पण त्याच दिवसांत त्यांनी चहातली साखर सोडली, रात्रीचा भात सोडला आणि आमराईत रोज तासभर चालायला लागले, मग श्रेय काढ्यालाच का? मामांनी यातलं काहीच सोडलं नव्हतं, गोळी तेवढी सोडली. एचबीए वन सी म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी, ती त्यांची 7.1 होती, काल 9.4 आली. गोळी कधीपासून बंद आहे हे डॉक्टरांना मामींनी सांगितलं, मामा खिडकीतनं बाहेर बघत होते.