झाकली मूठ

स्कूटर विकून मला अकरा वर्षं झाली, पण गेल्या पावसाळ्यात माझा डावा हात पुन्हा गिअर टाकायला लागला. सायकलवर. हँडलची डावी मूठ सैल होऊन गरागरा फिरत होती आणि जुन्या स्कूटरवर मुरलेल्या मनगटाला ते फारच ओळखीचं वाटलं. कॅडबरी जंक्शनचा सिग्नल सुटला की मी नकळत फर्स्ट टाकायचो. सायकल अर्थातच होती तिथेच.

आता रबराची वस्तू, ठाण्याची दमट हवा, वर माझ्या तळव्यांना बारमाही घाम. थोडं सैल व्हायचंच, असं म्हणून मी दिवस ढकलले. पण एका रविवारी नौपाड्यातून निघून उपवन गाठलं आणि अंगात आल्यासारखा येऊरच्या चढाला भिडलो. चढावर माणूस सायकल पायांनी कमी आणि हातांनी जास्त चालवतो, हँडल सारखं पोटाकडे ओढत राहतो. अशाच एका ओढीला हँडल जागेवर राहिलं आणि मूठ माझ्याबरोबर आली. मी कडेच्या गवतात बसलो. (पडलो नाही. बसलो.)

"काका, तुमचं काही निसटलं का?" फिरायला आलेल्या एका बाईंनी विचारलं.

मूठ तर माझ्या मुठीत घट्ट होती, त्यामुळे नेमकं काय निसटलं ते मला सांगता येईना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी ती खिशात घातली आणि उतार पायी उतरलो.

जांभळी नाक्याजवळून नवी जोडी आणली. सरळ हँडलचा दांडा बहुधा 22.2 मिलिमीटर जाडीचा असतो आणि मुठीचं भोक मुद्दाम त्याहून जरासं लहान ठेवतात. त्या आवळण्यावरच ती टिकते. हे वाचायला छान आहे. प्रत्यक्षात मूठ अर्ध्यावर जाऊन थांबली, ती मला पुढे ढकलता येईना की मागे ओढता येईना.

आई हॉलमधून सगळं बघत होती. "अरे, बांगडी चढेना तर काय करतात? खोबरेल लाव की दोन थेंब."

युक्तिवादात खोट नव्हती. मी दोनाचे चार थेंब केले. मूठ सुळकन आत गेली, दुसरीही गेली. आईनं "बघ" म्हटलं आणि त्या 'बघ'वर मी रात्री शांत झोपलो. सकाळी डावीकडे गिअर फिरत होता तसाच उजवीकडे अॅक्सिलरेटरही फिरायला लागला होता. सायकलची पूर्ण स्कूटर झाली होती, शिवाय देवघरातल्या समईसारखा वास.

बांगडीचं एक बरं असतं, ती मनगटावर फिरली तरी चालते. मुठीला मात्र असं काही हवं, की चढताना बुळबुळीत आणि चढल्यावर नाहीसं. खोबरेल नाहीसं होत नाही. माझ्या बालपणीच्या उशा त्याला साक्ष आहेत.

मग वॉचमननं तार सुचवली. बारीक तार गुंडाळून पिळली, तिचं टोक आत दाबायचं राहिलं आणि ते माझ्या अंगठ्याला नितीन कंपनीजवळ सापडलं. याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मुलीनं माझ्याकडे नुकतंच कळायला लागलेल्या बाळाकडे बघावं तसं बघितलं आणि तिचा हेअरस्प्रे आणून ठेवला. "बाबा, ओला असेपर्यंत सरकतो, वाळला की चिकटतो. पण आधी ते तेल धुवा." माझ्या डोक्यावर ज्या वस्तूला काही काम उरलेलं नाही, ती माझ्याच सायकलला मारायची! भांडी घासायच्या साबणानं दांडा धुतला, मुठी आतून धुतल्या, सगळं खडखडीत वाळवलं. मग आत फवारा मारून एका दमात मूठ ढकलली. गेली! रात्रभर कुणी हात लावू नये म्हणून जिन्याखाली सायकलवर पाटी लावली. त्यामुळे जाणारा-येणारा प्रत्येक जण मूठ पिळून बघून गेला, असं वॉचमन म्हणाला. तरी सकाळी ती हलली नाही. बायको, मुलगी, वॉचमन, सगळ्यांनी पिळून पाहिली. आईनंही पाहिली आणि "तेलानंच मुरली असेल" म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढचा महिनाभर भेटेल त्याला मी सायकलशी हस्तांदोलन करायला लावत होतो.

परवा उजव्या ब्रेकचा लिव्हर मोडला. सायकलवाल्यानं नवा काढला, मूठ धरली, ओढली, पाय भिंतीला लावून ओढली.

"साहेब, हिला काय लावलंय?"

"का?"

"लिव्हरची कडी दांड्यावरून सरकवायची तर आधी मूठ काढायला लागते."

मी जरा विचार केला. "थोडं खोबरेल सोडून बघता का?"

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खणातून ब्लेड काढलं.