चांदणी खरवडण्याची रीत

शाळेतल्या समस्त पोरांना चांगलं वळण लावायचं ठरवलंय म्हणता? अभिनंदन. आधी फ्लेक्स छापून घ्या. त्यावर नियम एकवीस असावेत, चार-पाचच असले तर पोरांच्या लक्षात राहतील. वर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, सगळ्या मंडळींचे फोटो, हात जोडलेले. जागा कमी पडली तर नियमांची अक्षरं बारीक करा, फोटो नको.

'नम्र राहा', 'शिस्त पाळा' एवढं लिहिलं की झालं. जेवणाच्या रांगेत नम्र म्हणजे काय करायचं, जिना उतरताना काय, हे पोरांना त्या त्या जागी नेऊन करून दाखवायच्या फंदात पडू नका. तेवढ्यात प्रतिभा कारंजीची, म्हणजे शाळांमधल्या कलागुणांच्या स्पर्धेची, तालीम राहून जाईल.

छडी मात्र बंद. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17. त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी आहे, पण तिथपर्यंत वाचतंय कोण?

कौतुक करायची वेळ आलीच तर 'गुड' म्हणा. कशाबद्दल ते सांगू नका.

स्वयंपाकाच्या बायकांना बैठकीला बोलावू नका. त्या पोरांना रोज बघतात, भलतंच खरं बोलून बसतील.

आणि मुख्य म्हणजे, शिक्षकांनी आपापसात काहीही ठरवू नये. आमच्या कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेनं यात फार प्रगती केली आहे. माझी पोरगी तिथं सहावीला. वर्गात तक्ता आहे, चांगलं वागलं की नावापुढे चांदणी चिकटवतात. गेल्या सोमवारी अक्षर दासोहाचं, म्हणजे शाळेतलं दुपारचं सरकारी जेवण झालं, ताटं धुवायची रांग लागली. पलीकडचा नळ भळाभळा वाहत होता. ही रांगेतून बाहेर आली, जोर लावून नळ बंद केला, परत येऊन उभी राहिली. बाईंनी बघितलं, चांदणी दिली. दुपारी सर आले. रांग मोडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी नखानं चांदणी खरवडून काढली, सगळ्या वर्गासमोर. फ्लेक्सवर दोन्ही आहे हो! सहावा नियम, पाणी जपा. चौदावा, रांग मोडू नका. बाई बरोबर, सरही बरोबर, मधल्या मध्ये पोरगी चूक. बुधवारी घरी येऊन मला सांगते, "बाबा, आज पण नळ चालूच होता, पण मी रांग सोडली नाही की." चांदणी मिळाली होती. मलप्रभा नदी ज्या तालुक्यात उगम पावते तिथली ही पोर, वाहत्या नळाकडे पाठ करून उभं राहिल्याचं कौतुक सांगत होती. मला काय बोलावं सुचेना.

पालक सभेत विचारलं, तर म्हणे वरून तसंच आलंय. परिपत्रक कन्नडमध्ये. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

पुरे झाली थट्टा. अहो, पोरानं मिळवलेली चांदणी काढून घेऊ नये, एवढंही कळत नाही? रांगेचं काही सांगायचं होतं तर तिला बाजूला घेऊन सांगायचं होतं. नळ तर तिनं बंद केलाच होता ना? तो खरवडून कसा निघेल? शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास एकत्र बसून चार नियम ठरवायला तुम्हाला कुठलं परिपत्रक लागतं? नळ वाहत असेल तर रांग सोडायची की नाही, एवढं तरी एका तोंडानं बोला. आज पोरं नियम बघत नाहीत, तास कुणाचा आहे ते बघून वागतात. हे त्यांना घरी नाही शिकवलेलं, तुम्ही शिकवलंय.

आणि त्या नळाचा वॉशर गेलाय. नवा आणून मी सभेच्या दिवशीच मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला होता. काल गेलो तर पुडीसकट तिथंच.