मी लावलेले दिवे

गाडी बघायला गेलो तेव्हाच मला कळायला हवं होतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा जो माळा असतो, त्याच्या कोपऱ्यात आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवलेला होता. विकणाऱ्या आजोबांना विचारलं, "हा कशाला?" ते म्हणाले, "असाच." आमच्या दापोडीच्या घरात जून लागला की घमेली, पातेली, परात सगळं जमिनीवर यायचं आणि आई उरलेल्या एका कढईत स्वयंपाक उरकायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला तो डबा ओळखता येऊ नये? पण माझी नजर पडदे, छोटा ओटा, त्याहून छोटं बेसिन आणि दोन बर्नरची शेगडी यांच्यावर खिळली होती. भातुकली मांडलेली दिसली की माणूस छत बघत नाही.

१९९४ सालची, चोवीस फुटी मोटरहोम. साडेचार हजार डॉलर. बायको एवढंच म्हणाली, "चार आण्याची कोंबडी." पुढचं वाक्य तिने सहा महिने राखून ठेवलं.

या गाडीत दोन वेगळे जीव एकत्र नांदत असतात. पुढचं तोंड, इंजिन आणि खालची चासी फोर्डची, ई-३५०. ती अजून पहिल्या किल्लीला सुरू होते. मागचं घर मात्र दुसऱ्याच कुणीतरी त्या चासीवर बांधलेलं. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग यात नवीन काय? आम्हीही तेच केलं." त्यांनी एकतीस वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये काढली. कंपनीकडून नुसती चासी यायची आणि हे लोक तिच्यावर बॉडी चढवून लाल डबा बाहेर काढायचे. एप्रिलमध्ये ते अमेरिकेत कोलंबसला आमच्याकडे यायचेच होते. मी म्हटलं, "या, बघा तरी."

तोवर मी निरागसपणे भिंतीतल्या एका फुगवट्यावर बोट ठेवलं होतं. बोट आत गेलं. दुसऱ्या जागी ठेवलं, तेही गेलं. आतला वॉलपेपर छान फुलाफुलांचा होता, भिंतीचं सगळं काम तो एकटाच करत होता. तो फाडला. आत पाच मिलिमीटरचं प्लाय, चहात बुडवून विसरलेल्या टोस्टसारखं. त्याच्यामागे गुलाबी फायबरग्लासची लोकर, पिळली तर पाणी. आणि या सगळ्याला तोलून धरणाऱ्या पाइनच्या दीड इंची पट्ट्या. एक पट्टी हातात घेतली तर तिची तपकीर झाली.

बाबा आले, विमानाचा थकवाबिकवा काही न बोलता थेट गाडीपाशी गेले. पट्ट्या एकमेकींना कशाने जोडल्यात ते बघायला चष्मा वर केला. स्टेपल. कागदाला मारतात त्याच्यापेक्षा थोड्या मोठ्या, पण स्टेपलच. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही गाडी आहे का हापूसची पेटी?" दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "पेटीतलं गवत तरी कोरडं असतं."

त्यांच्या हिशेबाने बॉडीचा सांगाडा लोखंडाचा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याला रांगेत रिपिटा, म्हणजे रिव्हेट. लाकूड हे बसण्यासाठी असतं, बस उभी राहण्यासाठी नाही. लाकूड हलकं आणि स्वस्त पडतं म्हणून वापरतात, असं मी इथल्यांची बाजू घेऊन सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे तपासणीत नापास झालेल्या बसकडे बघावं तसं पाहिलं.

मग उकलायला घेतली. आधीच्या मालकांनी प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन थापलं होतं. गळलं की एक थर, पुन्हा गळलं की आणखी एक. झाडाच्या खोडासारखी त्यावरून वर्षं मोजता यायची. सिलिकॉनचा स्वभाव असा की त्याच्यावर काहीच चिकटत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणून ते नखानखाने खरवडावं लागतं. चार शनिवार-रविवार मी पत्रा खरवडत होतो, एखाद्या सासुरवाशिणीने करपलेलं दुधाचं पातेलं खरवडावं तसा.

त्यानंतर ओट्याखालचं कपाट काढायचं होतं. आतून एकही स्क्रू दिसेना. हलवलं, हिसडलं, शिव्या दिल्या (मराठीतून, मुलीला कळू नयेत म्हणून, तिला सगळ्या कळल्या). शेवटी उलगडा झाला. कारखान्यात आधी फरशी करतात, मग तिच्यावर कपाटं, ओटा, पलंग मांडतात आणि मग बाहेरून भिंती लावून त्या भिंतीतून कपाटात स्क्रू मारतात. सगळ्यात शेवटी वरून पत्रा. म्हणजे पाहुणे आधी बसवायचे आणि मग त्यांच्याभोवती मांडव घालायचा. आतलं एक कपाट काढायला मला गाडीची पूर्ण डावी बाजू सोलावी लागली. सोलण्याआधी छताला खालून चार टेकू दिले. पहिल्या रात्री वारा सुटला आणि मी दर तासाला उठून छत जागेवर आहे ना, ते बघून आलो.

लाकूड आणायला बाबा सोबत आले आणि तिथे वेगळंच प्रकरण उभं राहिलं. इथे 'दोन बाय चार' म्हणून जे लाकूड विकतात ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं. लाकूड ओलं, खरबरीत असताना दोन बाय चार, वाळवून रंधा मारल्यावर उरतं ते हे. सगळ्या अमेरिकेला ठाऊक आहे, कुणाची तक्रार नाही. बाबांनी खिशातून टेप काढून सात नग मोजले. "सगळेच कमी आहेत," त्यांनी जाहीर केलं. "तुमच्याकडे वजनमापं खातं नाही का?"

मी स्वतः केलेला शहाणपणा याहून महाग पडला. पुन्हा कुजायला नको म्हणून मी कुजविरोधी प्रक्रिया केलेलं हिरवट लाकूड घेतलं, ऐटीत अर्धं कापूनही ठेवलं. मग रात्री वाचलं की त्या प्रक्रियेत तांब्याचे क्षार असतात आणि ओल लागली की ते ॲल्युमिनियम खातात. माझा पत्रा ॲल्युमिनियमचा. न कापलेलं लाकूड परत केलं. कापलेल्याच्या आता अंगणात तीन कुंड्या आहेत. त्यांना काहीही होणार नाही, आमच्या नातवंडांनाही पुरतील.

साधं पाइन आणलं आणि भिंत उभारायला घेतली. हाताशी ओळंबा होता, लेव्हल होती. प्रत्येक पट्टी मी इतकी सरळ लावली की मलाच गहिवरून आलं. बाबा घडीच्या खुर्चीत चहा पीत बघत होते, काही बोलले नाहीत. मग जुनी खिडकी बसवायला उचलली. खालच्या कोपऱ्यात घट्ट, वरच्या कोपऱ्यात बोटभर फट. खिडकी उलटी करून पाहिली. फट होती तिथेच राहिली.

बाबांनी कप खाली ठेवला. "तुझं अंगण उताराला आहे," ते म्हणाले. "घर जमिनीला सरळ असतं. गाडी गाडीला सरळ असते. एसटीला ओळंबा लावत नाहीत, कर्ण मापतात."

चौकटीचे दोन कर्ण मापले. पाऊण इंचाचा फरक. हे गणित मला दहावीत येत होतं, इंजिनिअरिंगला येत होतं, नोकरीच्या मुलाखतीत विचारलं असतं तरी आलं असतं. सगळ्या पट्ट्या काढल्या. "आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "तू विचारलं नाहीस," ते म्हणाले, आणि वर, "इतका खुशीत होतास."

मध्येच वस्तीच्या संघटनेचं पत्र आलं की निळ्या ताडपत्रीने परिसराची शोभा जाते. मी हिरवी घातली.

कोपऱ्यांच्या पट्ट्या जवळपास कुठे मिळेनात म्हणून चार तास गाडी हाकून इंडियानातल्या एल्कहार्टला गेलो. या गावाला आरव्हीची, म्हणजे अशा घर-गाड्यांची, राजधानी म्हणतात आणि ते खोटं नाही. रस्त्याने दुतर्फा कारखाने, शेडी, उरलेल्या मालाची दुकानं, नुसत्या दारांचे ढीग, नुसत्या खिडक्यांचे ढीग. सहा महिन्यांच्या मुक्कामात नायगारा बघूनही बाबांचा चेहरा असा उजळला नव्हता. "अरे, अख्खं गावच वर्कशॉप आहे की!" एका दुकानदाराशी ते अर्धा तास बोलले. बाबांना इंग्रजी जेमतेम येतं, त्याला मराठी शून्य. दोघांनी हातानेच बॉडी बांधली, एकदा मोडली आणि पुन्हा बांधली. निघताना त्याने ब्युटाइल टेपचं एक भेंडोळं फुकट दिलं. ही टेप सांध्याखाली घालायची करड्या रंगाची चिकट पट्टी, बिघडलेल्या पाकासारखी. ती सांध्याला चिकटते त्याहून जास्त माझ्या फोनला आणि बायकोच्या ओढणीला चिकटली.

पत्रा चढला, रिपिटांऐवजी स्टेनलेसचे स्क्रू लागले (बाबांचा आक्षेप नोंदवून), आणि शेवटी राहिले कपाळावरचे पाच दिवे. ऐंशी इंचांहून रुंद गाडीला ते कायद्याने लागतात, मध्ये तीन आणि दोन टोकांना एकेक, पिवळे. म्हणजे वारा आणि पाऊस जिथे थेट आपटतो नेमक्या त्या जागी पाच वेळा भोकं पाडायची. प्रत्येकाला दोन स्क्रूंची आणि एक वायरचं, एकूण पंधरा. आइस्क्रीमच्या डब्याचं मूळ इथेच होतं. मी एकेका दिव्याखाली टेप घातली, कडेने पुट्टी भरली. संध्याकाळी पाचही पेटले तेव्हा बायको दारात येऊन म्हणाली, "लावलेस एकदाचे दिवे!" मी ते कौतुक समजलो.

ऑक्टोबरात बाबांच्या परतीच्या आदल्या दिवशी पाण्याची परीक्षा घेतली. मी बाहेर होज घेऊन, बाबा आत माळ्यावर टॉर्च घेऊन उताणे. वीस मिनिटं पाणी मारलं. आतून आवाज नाही. तीस मिनिटं. मी जिंकल्यासारखा पाणी बंद करणार, इतक्यात पत्र्यावर आतून टकटक झाली.

"चौथा," बाबा म्हणाले.

चौथ्या दिव्याच्या वेळी मला ऑफिसचा फोन आला होता. फोनवर बोलत बोलत दिवा बसवला आणि टेप खिशातच राहिली. पँट धुतली तेव्हा ती सापडली होती, हेही आता आठवलं. त्याच रात्री टॉर्चच्या उजेडात दिवा काढून पुन्हा लावला, पण पुन्हा पाणी मारून बघायला वेळ राहिला नाही. सकाळी विमान होतं.

आता बाबांचा दर रविवारी फोन येतो. मी कसा आहे, नात कशी आहे, हे नंतर. आधी विचारतात, "पाऊस झाला का तिकडे?" झाला. तीन वेळा, एकदा गारांचा. "मग?" थेंब नाही, मी शपथेवर सांगतो, आणि ते खरं आहे.

मागच्या आठवड्यात मुलगी पुस्तक घेऊन माळ्यावर चढली आणि तिथून ओरडली, "बाबा, इथे कोपऱ्यात स्टीलची वाटी कुणी ठेवली?"

"असू दे," खालून बायको म्हणाली. "अशीच."