रसिक असण्याची सोय

पुण्यात हातातली कला सोडून देणं फार सोपं आहे, कारण ती सुटलेली आपल्याला कळतच नाही. डिसेंबरात सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जायचं, भारतीय बैठकीत सतरंजी पसरायची, समेवर मान हलवायची, मधल्या वेळात वडा-कॉफी करून यायचं आणि तबलजीनं चांगली तिहाई घेतली की शेजारणीला हळूच सांगायचं, "मी पण वाजवायचे हं, शाळेत असताना." गायक भीमसेन जोशींनी १९५३मध्ये आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवानं शहराचे कान तयार केले, याबद्दल वाद नाही. पण त्याच तयार कानांनी माझ्यासारख्या कितीतरी जणांना एक छान पळवाट काढून दिली. ऐकतोय म्हणजे गाण्यात आहोतच की आपण!

नाही आहोत. ऐकणं हा रियाज नव्हे. हे मी आता ठासून म्हणते.

आमच्याकडे शास्त्रीय कला म्हणजे बहुतेक घरांत परीक्षांची शिडी असते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. दहावी आली की क्लास बंद. हल्ली दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे तर हिशेब अगदीच चोख: गुण पदरात पडले, कलेचं काम झालं. माझा तबला मध्यमा पूर्णला थांबला. कुणी थांबवला नाही, कुणी हरकतही घेतली नाही. मुलगी असून तबला वाजवते याचं कौतुक जितकं झालं, तितकंच तो सुटल्यावर 'आता अभ्यासाला लागली' याचंही झालं.

डिसेंबर २०२४मध्ये तबलावादक झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, गेले तेव्हा आपल्या सगळ्यांच्या फेसबुकच्या भिंती त्यांच्या व्हिडिओंनी भरून गेल्या होत्या. माझीही. लोकांनी त्यावर भरभरून लिहिलं. आणि माझा तबला-डग्गा तेव्हा माळ्यावर, जुन्या चादरीच्या गाठोड्यात, दिवाळीच्या कंदिलाशेजारी पडून होता. खाली काढला तर पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल, मधल्या काळ्या शाईला तडे आणि डग्ग्याच्या गजऱ्यापाशी, म्हणजे चामड्याच्या विणलेल्या कडेपाशी, उंदरानं केलेला स्वतःचा रियाज.

पेठेतल्या ज्या कारागिरांकडे नेला, त्यांच्याकडे तासभर नुसती बसून राहिले. ते दुसऱ्या कुणाच्या तबल्याला शाई भरत होते. लोखंडाची काळी पूड आणि खळ यांचा तो लगदा एकदम थापत नाहीत. पातळ थर द्यायचा, दगडानं घोटायचा, सुकत आला की पुढचा थर. घोटताना शाईला बारीक बारीक भेगा पडतात आणि त्या पडायलाच हव्यात, नाहीतर चामडं मोकळेपणी हलणार नाही आणि आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, येणार नाही. मी इतकी वर्षं ज्यावर बोटं मारली ते कसं बनतं हे मला पहिल्यांदा दिसत होतं. त्यांनी माझ्या पुडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, वाजवून खराब झालेला नाही हा. न वाजवून झालाय." नवी पुडी चढवावी लागली.

मग सुरू झाला खरा त्रास. वेळेचा नाही, कानांचा. इतकी वर्षं उत्तमोत्तम ऐकून कान पार पुढे गेलेले आणि हात शाळकरीच राहिलेला. 'धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना', मुलांना अगदी सुरुवातीला देतात तो कायदा, म्हणजे सरावाची बोलांची रचना. बराबरीत, म्हणजे साध्या लयीत, कसाबसा निघतो, दुप्पट लयीची दुगुन घेतली की 'तिट' चिखलात रुतल्यासारखा. चाटेवरचा, म्हणजे पुडीच्या काठावरचा, 'ना' टणक वाजण्याऐवजी फटकन वाजतो. आणि हे सगळं मला स्वच्छ ऐकू येतं, हीच अडचण. परत येणारी माणसं पुन्हा पळतात ती इथून. 'वेळ मिळत नाही' हे आपण लोकांना सांगतो, कारण ते बोलायला सोपं असतं.

तरी वेळेचंही सांगते. वेळ सापडत वगैरे नाही, तो कुणाकडून तरी घ्यावा लागतो. संध्याकाळची माझी जी वेळ, तीच घरातल्या कुकरची. आता त्या वेळी पोळ्यांना बाई येतात आणि वरण-भात नवरा लावतो. पहिले काही दिवस वरणाला मीठ नव्हतं, मी उठले नाही. 'स्वतःसाठी वेळ काढा' असं बायकांना सांगणाऱ्यांनी तो कुणाच्या वाट्यातून काढायचा हेही सांगत जावं. बाकी पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, कुठेही होते. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत तीनतालाची चार आवर्तनं आरामात बसतात.

आमच्या सासूबाईंच्या भजनी मंडळात सुराची बोंब आहे. हे त्यांनाही माहीत आहे. पण मंगळवार दुपार चुकत नाही, कारण एक आली नाही तर बाकीच्या फोन करकरून हैराण करतात. आम्ही तयार कानाचे लोक त्यांना हसतो आणि स्वतः मात्र घरी एकटे बसून प्रेरणेची वाट बघतो. म्हणून मीही मोठ्यांच्या बॅचला नाव घातलं. सरांना म्हटलं, "या वयात सोलो काही होणार नाही माझ्याच्यानं." ते म्हणाले, "सोलो वाजवायचाय की तबला वाजवायचाय? थिरकवा खाँसाहेबांसारखा थोर तबलजी बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत साथीला बसायचा. तुम्ही आधी ठेका नीट धरा." तेव्हापासून ठेकाच, म्हणजे तालाचे साधे मूळ बोलच, धरतेय. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात दोन मात्रांमधल्या त्या लांबलचक जागेत हात उगाच काहीतरी भरायला बघतो, तो आवरणं हे सध्याचं काम.

तर कोथरूड-कर्वेनगर भागात कुणी गाणारं, पेटी वाजवणारं, माझ्यासारखं मध्येच सोडून दिलेलं असेल, तर रविवारी सकाळी आमच्याकडे या. साधा ठेका मिळेल, लय थोडी पुढे-मागे होईल. खालच्या सोसायटीतल्या काकांची तक्रार आली तर ती मी बघून घेईन. फक्त माझा तबला काळी एकच्या पट्टीचा, म्हणजे पेटीच्या त्या सुरात लागणारा, आहे. काळी चारमध्ये गाणाऱ्यांनी मोठ्या तोंडाचा तबला मिळेपर्यंत थोडं थांबा, किंवा कुणाच्या माळ्यावर तसला पडून असेल तर घेऊनच या.