चूल मोजली, नाती राहून गेली

सोलापुरातल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती: प्रश्नावलीतला पहिला प्रश्न ‘कुटुंब एकत्र की विभक्त?’ हा ठेवू नका. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि निष्कर्षही. एकत्र कुटुंब मोडलं, संपला विषय.

जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. शिरगणतीला ते ठीक आहे. पण शहराच्या पूर्व भागात खाली आईवडील, माडीवर थोरला, मागच्या गल्लीत धाकटा, आणि यंत्रमागाचा धंदा मात्र तिघांचा एकच, असं घर असेल तर नोंद तीन कुटुंबांची होते. घर वेगळं आणि कुटुंब वेगळं, हा फरक समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी १९७३ मध्येच नीट मांडून ठेवलाय. तरीही आपण चुलीच मोजत बसतो.

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये नातेसंबंधांच्या रचनेवरून भारताचे विभाग पाडले, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधला. सोलापुरात ही सीमा एकाच पेठेत सापडते. मराठा घरात मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा नाही. तेलुगू घरांत दोन्ही चालतात, सख्ख्या भाचीशी लग्नही परंपरेला मान्य. कानडी घरांतही असंच. आता यात आकडा कुठे चुकतो बघा. ‘मामा किती?’ आणि ‘सासरे आहेत का?’ असे वेगळे रकाने केले, की मामाची मुलगी केलेल्या माणसाचा एकच मामा दोनदा मोजला जातो. म्हणून आधी वंशावळ काढा: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा, आणि प्रत्येक माणसाला एकच क्रमांक. नातं कितीही बाजूंनी लागू दे, क्रमांक तोच.

डायसन आणि मूर या अभ्यासकांनी १९८३ मध्ये असं मांडलं, की दक्षिणेत लग्न नात्यात किंवा जवळपास होतं, माहेर तुटत नाही, म्हणून बाईला घरात जास्त मोकळीक मिळते, आणि तिथे जन्मदर व बालमृत्यू कमी दिसतात. मला हा विचार मोलाचा वाटतो, पण पुरेसा नाही. मामाची मुलगी करणाऱ्या याच महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या.

शिवाय नात्यातलं स्थळ आता आणायचं कुठून? सरळ हिशेब करा. प्रत्येक घरात चार मुलं, निम्म्या मुली, असं धरलं तर आईला भाऊ सरासरी दीड, प्रत्येकाला दोन मुली, म्हणजे मामेबहिणी तीन. दोन मुलांवर आलं की भाऊ अर्धा, त्याला मुलगी एक, म्हणजे मामेबहीण अर्धी. सगळी चुलत-मामे-आते-मावस भावंडं मिळून चोवीसची चार होतात. राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आलाय. चाल बदलायच्या आधी माणसंच कमी पडतात, आणि ‘शिक्षणामुळे नात्यातली लग्नं घटली’ असं लिहिणाऱ्यानं आधी हे गणित वजा करायला हवं.

आता विचारायचं कसं. ‘मुलं किती?’ असं थेट विचारलंत तर सासरी गेलेल्या लेकी आणि तान्हेपणी गेलेली बाळं गळतात. आधी घरात राहणारी, मग बाहेर असलेली, मग गेलेली, असा क्रम ठेवा. मुलगे आणि मुली वेगळे विचारा. सासू शेजारी बसली असेल तर गेलेल्या बाळाचा विषय बाई काढत नाही. तेवढ्यापुरतं पुन्हा जा. ‘भाऊ’ म्हटलं की सख्खा की चुलत हे तिथल्या तिथे लिहा. वयं पन्नास, पंचावन्न, साठ अशी गोळा होतात, तेव्हा बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, किल्लारीच्या भूकंपावेळी, म्हणजे १९९३ ला, धाकटं केवढं होतं, असं विचारत वर्ष काढा.

आणि वंशावळीतल्या प्रत्येक हयात क्रमांकापुढे दोन रकाने हवेतच: राहतो किती अंतरावर, आणि गेल्या महिन्यात नेमकं काय केलं. पुण्यातला मुलगा खात्यावर पैसे टाकतो, दोन गल्ल्या सोडून राहणारी लेक म्हातारीला दवाखान्यात नेते. चुलीच्या हिशेबात ती म्हातारी एकटी. एकत्र-विभक्तचा रकाना यानंतर आखा.