धसका कळतो, दार सापडत नाही

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत शेतमजुरी करणाऱ्या लॅटिनो स्थलांतरितांबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असा: या लोकांना मनाचा आजार मान्यच नसतो, सोय असूनही ते जात नाहीत, आता तर फोनवरही मदत मिळते, तेव्हा हवी ती फक्त जनजागृती.

मान्य नसतो? मेक्सिको-ग्वातेमालाकडच्या बोलण्यात ‘नेर्व्हिओस’ (मनाची अस्वस्थता, घालमेल) आहे, ‘सुस्तो’ आहे. सुस्तो म्हणजे जवळजवळ आपला धसका: माणूस घाबरतो, अन्न जात नाही, झोप उडते. दुखण्याला नाव आहे म्हणजे ते कळतंही. ‘डिप्रेशन आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. (आपल्या आजीला विचारून बघा.) लोकलाज असते, ती कुठे नसते?

‘सोय असूनही’ हे मात्र धडधडीत चूक. 1996च्या कायद्यामुळे ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेक प्रौढांनाही मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, पाच वर्षं थांबावं लागतं. कागदपत्रं नसतील, तर 2010च्या कायद्याने उभ्या केलेल्या विमा बाजारात बहुतेक राज्यांत पदरचे पैसे मोजूनही विमा मिळत नाही. एच-टू-ए या हंगामी शेतमजुरीच्या व्हिसावर आलेला मजूर मालकाने दिलेल्या जागेत राहतो आणि त्याचा व्हिसाही त्याच मालकाशी बांधलेला. मंगळवारी दुपारी तीनची वेळ मिळाली, तर तो कोणाच्या गाडीने जाणार? बुडालेली मजुरी कोण देणार? कमाईप्रमाणे फी घेणारी आरोग्य केंद्रं आहेत, स्थलांतरित शेतमजुरांसाठी 1962 पासून केंद्र सरकारचा निधीही आहे. पण तिथे स्पॅनिश बोलणारा समुपदेशक भेटेलच असं नाही. वर भीती. इस्पितळं, शाळा, चर्च इथे स्थलांतरितांची धरपकड टाळण्याचं धोरण जानेवारी 2025 मध्ये रद्द झालं आणि त्याच वर्षी मेडिकेड घेणाऱ्यांची माहिती इमिग्रेशनवाल्या खात्याकडे गेली. अशा वेळी कोण आपलं नाव-पत्ता लिहून देईल?

राहिला फोन. 988 ही मानसिक संकटातल्यांसाठीची हेल्पलाइन जुलै 2022 मध्ये सुरू झाली, वर्षभराने स्पॅनिशमध्ये मेसेज आणि चॅटही आलं. चांगलंच झालं. पण जिवावर बेतल्यावर करायचा फोन वेगळा आणि महिनोन्‌महिने चालणारा उपचार वेगळा. शिवाय कॅलिफोर्नियाच्या शेतांत मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेले, मिश्तेको, त्रिकी या तिथल्या मूळ भाषा बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येकांना स्पॅनिशही परकीच. मग दुभाष्या म्हणून शाळकरी पोर पुढे होतं. आपल्याला मरावंसं वाटतं हे आईने त्याच्या तोंडून डॉक्टरला सांगायचं? आणि एका खोलीत चार-सहा जण राहत असतील, तर व्हिडिओ कॉलवर कोण रडेल?

जनजागृती करायची तर ‘प्रोमोतोरा’ ती आधीच करताहेत. या त्याच वस्तीतल्या, त्याच बोलीतल्या आरोग्यसेविका. जानेवारी 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे मशरूमच्या शेतांवर गोळीबारात सात जण मेले, तेव्हा मजुरांना धीर द्यायला ‘आलास’ ही तिथलीच संस्था धावली. मजुरांचा तिच्यावर आधीपासून विश्वास होता. पण अशा कामाचे पगार बऱ्याचदा मुदतीच्या अनुदानावर चालतात. पत्रकं छापायचे पैसे आधी तिकडे वळवा.