संभाजी तलावावर आज सकाळी

आज सकाळी संभाजी तलावाच्या कडेने फिरत असताना एका प्रशिक्षकाने जेमतेम सहा-सात किलोच्या टेरियरला 'बस' शिकवताना चोक चेनचा, म्हणजे ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीचा, असा झटका दिला की त्या जिवाचे पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, आणि मालक शेजारी उभे राहून मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करत होते. मी काही बोलले नाही. घरी आल्यापासून त्याचीच चीड येते आहे.

बोलले नाही, कारण तीन वर्षांपूर्वी त्या मालकांच्या जागी मी होते. आमचा गुंड्याही टेरियरच, तेव्हा सात महिन्यांचा होता. कुंड्या उकरायच्या, इस्त्रीवाल्यावर भुंकायचे आणि हाक मारली की उलट्या दिशेने पळायचे, हा त्याचा दिनक्रम. ओळखीतून मिळालेला प्रशिक्षक जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात आला आणि 'पंधरा दिवसांत सरळ करतो' म्हणाला. पहिल्या झटक्याला गुंड्या किंचाळला, तेव्हा मी त्या माणसासाठी केलेला चहा घेऊन दारात उभी होते. 'आधी चहा घ्या, निवेल,' एवढेच मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी गुंड्या खरोखर बसू लागला. साखळीची कडी वाजली की बसायचा आणि तिथेच लघवी करायचा. 'शिकला हो आमचा,' असे मी शेजारी सांगत होते.

टेरियर म्हणजे काय, हे तरी आधी समजून घ्यायला हवे होते. लॅटिनमधल्या 'टेरा', म्हणजे जमीन, या शब्दाशी त्या नावाचे नाते आहे. बिळात शिरून उंदीर आणि कोल्हे हुसकावण्यासाठी माणसानेच हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या घडवले. बिळात धनी सोबत नसतो, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. मग तो कुंडी उकरतो आणि स्वतःच्या मताने चालतो, याला उद्धटपणा कसा म्हणायचा? 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या जुन्या तबकड्यांवर कर्ण्यापाशी मान कलती करून बसलेला निपर नावाचा कुत्रासुद्धा टेरियर वळणाचाच होता.

पुढे आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक बाई सुचवल्या. या वेळी मी दोनच गोष्टी विचारल्या : कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता, आणि शिकवताना मी समोर बसू का? (पहिल्या प्रशिक्षकाने मला आत जायला सांगितले होते, आणि मी गेलेही.) त्या बाई अर्धा तास शहाबादी फरशीवर नुसत्या बसल्या, गुंड्याकडे पाहिलेही नाही. मग नखाएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्या नाकावरून मागे नेला. मान वर गेली, बूड आपोआप टेकले, आणि त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा. उशीर झाला, तर उठल्याबद्दल बक्षीस मिळाले असे त्याला वाटते. सराव पाच मिनिटेच, तोही ऊन चढण्याआधी, कारण आपल्याकडच्या एप्रिलमधल्या डांबरावर पंजे भाजतात. त्याने पट्टा ओढला की आपण थांबायचे, सैल झाला की चालायचे. उकरण्यासाठी वाळूचे घमेले दिले. सासूबाई मायेने बेदाणे द्यायच्या, तेही त्या बाईंनी बंद केले. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, हे द्राक्षबागांच्या जिल्ह्यात राहून मला माहीत नव्हते.

वेळ लागतो, हे मान्य. तीन महिने लागले, आणि इस्त्रीवाल्यावर तो आजही भुंकतो. पण मार खाऊन गुरगुरणे गिळायला शिकलेला कुत्रा एक दिवस न गुरगुरता चावतो, त्याचे काय? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे आणि आपण अजून झटके मोजून पैसे देतो! दुसऱ्यांना काय बोलणार म्हणा, चहा मीच दिला होता.

आज घरी आल्यावर माझ्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला आणि गुंड्या शिलाई मशीनखाली गेला. मी त्याला ओढले नाही. हे सगळे तिथेच फरशीवर बसून लिहिते आहे. आता नुकतेच नाक बाहेर आले आहे.